चापमास्तरची रॉकेट-बंदूक

आधी कुजबुज ऐका. खरं काय ते कुठे पळून जात नाही. चापमास्तरने आपल्या मेहुण्याला साध्या पिस्तुलाने मारलं आणि आळ घातला रॉकेट-बंदुकीवर, असं गल्लीत बोलत. कारण ज्याला जे आवडेल ते. कोणी म्हणे मेहुणा फुकटचा राहत होता, कोणी म्हणे त्याची जीभ तिखट होती. न्हाव्याच्या खुर्चीत तर याहून रंगीत कारणं निघत. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत, म्हणजे ऐकायला किती गोड असतील बघा. पुरावा मात्र सगळ्यांकडे एकच. ज्या बंदुकीच्या तोंडापुढे मास्तरने स्वतःचा तळहात धरला आणि त्याला नुसता फोड आला, त्याच बंदुकीने गोदामाच्या पार त्या टोकाचा धडधाकट माणूस मरतो कसा? जवळच्याला चिमटा आणि लांबच्याला मरण, अशी बंदूक कोणी पाहिली आहे?

ही कुजबुज उंबरा ओलांडून मास्तरच्या स्वयंपाकघरातही शिरली. तिथे त्याची बायको, म्हणजे मेलेल्याची सख्खी बहीण, ताट वाढत होती. ज्याच्या ताटात आपण वाढतोय त्याच्या हातून हे कसं झालं, एवढंच तिला कळायला हवं होतं. ते कळेपर्यंत ती वाढणार होती आणि बोलणार नव्हती.

मास्तर बंदुका दुरुस्त करायचा. पुढे अरुंद दुकान, मागे लेथचं यंत्र, आणि दोन्हीकडे तेलाचा असा वास की घरातल्या उशांनाही तो लागलेला. गिऱ्हाईक म्हणजे बँकांचे पहारेकरी आणि आजोबांची दुनळी वापरायची नाही पण विकायचीही नाही अशी माणसं. एका कानाने कमी ऐकू यायचं; कोणत्या कानाने, हे समोरचा काय मागतोय त्यावर ठरे. चाप दिसला की याचं बोट तिथे गेलंच. दाराची कडी, छत्रीची कळ, पाहुण्याच्या खिशातलं बॉलपेन, काही सुटायचं नाही. मुलगी बघायला गेला तेव्हा बैठकीतल्या कपाटाची कडी त्याने इतक्यांदा उघडझाप केली की मुलीच्या आत्याने आत जाऊन विचारलं, मुलगा काय करतो म्हणालात, कुलपं फोडतो? तेव्हापासून तो चापमास्तर.

त्याची एक गोष्ट मात्र थट्टेतली नव्हती. दुकानात बंदूक फळीवर असली की तो माणसांना मागे ढकलायचा. बंदूक रिकामी असली तरी. लांब व्हा, नळीच्या रेषेतून बाजूला व्हा. बोलायचासुद्धा नाही, कोपराने सारायचा. हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की बायको लाटणं घेऊन वळली तरी तो अर्धं पाऊल बाजूला व्हायचा. अर्थात त्याला दुसरंही कारण असू शकतं.

मेहुणा शोभेची दारू बनवायचा. भुवया कायमच्या जळालेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर सदा आश्चर्य. आई लवकर गेली, तेव्हा बहिणीनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं, आणि लग्नात हुंड्याऐवजी भाऊच घेऊन आली असं मास्तर चारचौघांत सांगायचा. तो वरच्या खोलीत राही. मास्तर त्याला फुलबाज्या म्हणे, तो मास्तरला भावजी म्हणे, आणि दोघांचं जेवताना रोज वाजे. वाजे म्हणजे काय, बंदूक थोर की दारूचा बाण थोर, हे. ती दोघांच्या पुढ्यात ताट आदळून म्हणे, आधी भात थोर.

मग एक टीव्ही मालिका आली. परग्रहावरचे शिपाई, हातात मांडीएवढ्या बंदुका, त्यातून गोळ्यांऐवजी छोटी रॉकेटं सुटतात, आणि जिथे लागतील तिथला डोंगरही फुटतो. मालिकेच्या दिग्दर्शकाला सगळे साहेब म्हणत. लाकडाच्या बंदुका आणि तारेवरून ओढलेला धूर बघून त्याचं मन भरेना. खरी सुटणारी एक तरी पाहिजे, जवळून दाखवायला. गोळीचं पोकळ नळकांडं मास्तरने करायचं, त्यातली दारू फुलबाज्याने. परवानगीचे कागद साहेबाने आणायचे. घरातल्या भांडणाला बाहेरून बोलावणं आलं, दोघंही नाचले.

साहेबाने आणलेला बंदुकीचा नकाशा बघून मास्तर पोट धरून हसला. साहेबाला त्याने चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर शिकवलं. तुमच्या चित्रातली नळी एवढी जाड कशाला? खऱ्या बंदुकीत सगळी दारू एका दमात नळीच्या बुडाशी पेटते, म्हणून पोलाद जाड लागतं, म्हणून खांद्याला लाथ बसते. गोळी नळीतून सुटते तेव्हाच तिचा वेग सगळ्यात जास्त; पुढे ती दमतच जाते, म्हाताऱ्यासारखी. रॉकेटचं उलटं. ते आपली आग पोटात घेऊन निघतं. नळी नुसती वाट दाखवते, पत्र्याचीही चालेल. लाथ नाही. सुटताना ते रांगतं, आणि आग संपेपर्यंत धावायला शिकतं. आणि डोंगर वगैरे विसरा, अंगठ्याएवढ्या नळकांड्यात डोंगर फोडायची दारू मावत नाही. मेहुणा मध्येच म्हणाला, भावजी, म्हणजे बाणच थोर, एवढं सरळ म्हणा ना. टपरी हसली. साहेबही हसला.

हे सगळं मास्तर स्वतःच्या तोंडाने बोलला होता. लक्षात असू द्या.

नळकांड्याच्या बुडाला त्याने तिरकी भोकं पाडली, म्हणजे निघणारी आग त्याला फिरवत नेईल आणि ते सरळ जाईल. भोकं बारीक, हात म्हातारा. एखाद्या भोकाचा कोन केसभर चुकला तर गोळी वाट सोडते, हे त्यालाही ठाऊक होतं. थोडीफार सोडली तर सोडली. खेळण्याला कोण नेम विचारतो?

चाचणी भर दुपारी, मालिकेच्या लांबलचक गोदामात झाली. त्या टोकाला पुठ्ठ्याचा डोंगर, या टोकाला टेबलावर शिकंज्यात आवळलेली बंदूक. साहेब आणि कॅमेरावाला वाळूच्या पोत्यांमागे. साहेबाला नटांची काळजी. ही चालू असताना एखादा नट पुढे आला तर? मास्तरने चामड्याचा हातमोजा चढवला, डावा तळहात नळीच्या तोंडाला लावला आणि उजव्या हाताने चाप ओढला. फुस्स झालं, हात मागे ढकलला गेला, नळकांडं जमिनीवर पडून चिडक्या उंदरासारखं फिरत राहिलं. हातमोजा जळला, खाली फोड आला. बघा, मास्तर म्हणाला, याने माशी मरेल, नट नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पण त्या क्षणी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी गोळी डोंगरावर. फुलबाज्या टेबलाला चिकटून उभा होता. आपल्या दारूचा धूर त्याला जवळून बघायचा होता. मास्तरने त्याला कोपराने सारलं.

"लांब हो. पार तिकडे, डोंगराच्या बाजूला. रेषेत नको येऊस."

"भावजी, आत्ताच तर हात लावून दाखवलात. इथे काय होणार आहे?"

"बंदूक आहे ती. लांब हो म्हटलं ना."

तो गेला. जाता जाता त्याने परग्रहावरच्या शिपायासारखे दोन्ही हात वर केले आणि डोंगराच्या उजव्या अंगाला, रेषेबाहेर, सांगितलं होतं तसाच उभा राहिला. मास्तरने डोळ्याने रेष मापली, माणूस त्यात नाही याची खात्री केली आणि चाप ओढला. गोदाम धुराने भरलं. धूर विरला तेव्हा डोंगराला काही झालेलं नव्हतं. फुलबाज्या खाली बसला होता, भुवया नसलेल्या त्या चेहऱ्यावर नेहमीचंच आश्चर्य, आणि गळ्याखाली हात. मास्तर धावत पोचेपर्यंत हात सुटला होता.

पोलीस आले. साहेबाने पाहिलं तेवढं सगळं खरं सांगितलं, तळहाताचंही, आणि त्या खऱ्यानेच घात केला. धुरात कोण कोणाला बघतं? बंदुकवाल्याच्या खिशात पिस्तूल नसेल तर कुणाच्या असेल? फुलबाज्याच्या पाठीमागच्या भिंतीत रुतलेलं नळकांडं सापडलं होतं. पण गल्लीला नळकांडं नको होतं, खून हवा होता. मास्तरचं दुकान बंद झालं, हत्यारं जप्त झाली. तो घरी बसून तळहाताकडे बघायचा. फोड सुकून कातडी गुलाबी झाली होती. बायको ताट ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा तो म्हणाला, अगं, मी काही केलं नाही. ती उठून वर, भावाच्या खोलीत गेली.

शेवटी सरकारी हत्यार-तपासनीस त्याच गोदामात आला. जप्त केलेली तीच बंदूक, आणि मेहुण्याने भरून ठेवलेली उरलेली नळकांडी. त्या तपासणीला मास्तरला बोलावलं होतं; हजर राहायचं बायकोनेही स्वतः मागून घेतलं. तपासनीसाने एक फळी नळीच्या तोंडाशी उभी केली. गोळी फळीला आपटून पडली, नखाएवढा खड्डा. मग तीच फळी गोदामाच्या त्या टोकाला नेली. पहिली गोळी फळी सोडून भलतीकडे गेली. दुसरी लागली, आणि फळीच्या आरपार गेली. तपासनीसाने भोकातून बोट घालून बाहेर काढलं, आणि मास्तरला घरी जायला सांगितलं. गुन्हा निष्काळजीपणाचा लागला. खुनाचा नाही.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड केलं.

"लांब गेल्यावर ती जोरात जाते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"वाट सोडते, हे?"

"तेही."

"मग त्याला लांब का पाठवलंत?"

 मास्तरचे दोन्ही कान नीट ऐकत होते.

"बंदुकीपासून माणूस लांबच ठेवतात," तो म्हणाला. "जन्मभर तेच केलं. तोंडाला माहीत होतं गं. कोपराला नव्हतं."

तिने ऐकून घेतलं. खुनी असता तर बरं झालं असतं, असं ती पुढे एकदा शेजारणीपाशी म्हणाली म्हणतात. शिव्या तरी देता आल्या असत्या. ती घर सोडून गेली नाही. वरच्या खोलीत झोपायला लागली, आणि दोन वेळा खाली येऊन वाढू लागली. मास्तर त्यानंतर कशाच्याही चापाला हात लावताना कोणाला दिसला नाही. गल्ली आजही पिस्तुलाचीच गोष्ट सांगते, कारण ती सोपी आहे.

पिस्तूल नव्हतं. मेहुणा रॉकेट-बंदुकीच्या गोळीनेच मेला. तो त्या टेबलापाशीच उभा राहिला असता, तर जगला असता. मास्तरने त्याला लांब पाठवलं ते त्याला काही होऊ नये म्हणून.