रतनवाडीपर्यंत पायी

मागच्या वेळी तुम्ही नातवंडं आलात तेव्हा धबधबा तुम्ही पाहिलात आणि मी गाडीत बसून तुमच्या चपला राखल्या. गुडघ्याचं कारण होतं. तुम्ही विमानात बसलात त्याच आठवड्यात मी ठरवलं, पुढच्या नाताळच्या सुट्टीत भंडारदऱ्याला जायचं, आणि धरणाच्या कडेने रतनवाडीच्या देवळापर्यंत मी तुमच्याबरोबर पायी जायचं.

श्रीरामपुरात चालायला कॅनॉलचा काठ आहे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करून मी रोज सकाळी तिथे जाऊ लागले. दिवाळीपर्यंत सहा-सात किलोमीटर सहज जमायला लागले.

मग बेत कागदावर उतरवला. जन्मभर भूगोल शिकवला, तेव्हा अंतर फोनला कशाला विचारायचं? जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरला, शिवणाचा दोरा धरणाजवळच्या शेंडी गावापासून रतनवाडीपर्यंत धरला आणि प्रमाणपट्टीवर ठेवला. आठ-नऊ किलोमीटर. एक सकाळ पुरे. पट्टीने रकाने आखून पाच दिवसांचं वेळापत्रक केलं आणि रतनवाडीत राहायची सोय करणाऱ्या गृहस्थांना फोनवर वाचून दाखवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजी, तुमी पान्यावरून येनार का?"

"म्हणजे?"

"मधी धरान हाय ना! रस्ता समदा वळसा घालून येतो. ईस किलोमीटर तरी धरा."

दोरा मी सरळ पाण्यावरून ओढला होता. पोरांच्या वहीत असली चूक दिसली असती तर लाल शाईने गोल केला असता.

तुमच्या आजोबांना तर पर्वणीच. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना भेटेल त्याला सांगत होते, "प्रभूनंतर पाण्यावरून चालणारी आमची हीच!"

तुमचा काका मात्र हसला नाही. "आई, पुरे आता. सगळे गाडीने जाऊ. तू खिडकीजवळ बस."

"गाडी आण," मी म्हणाले. "सामान न्यायला लागेलच."

"आणि वीस किलोमीटर?"

"तीन दिवसांत."

"हट्टी आहेस."

"मग? तू कोणावर गेलास?"

पुन्हा फोन लावला. वाटेत दोन मुक्काम हवेत, असं त्या गृहस्थांना सांगितलं. "लई जनं गाडीनंच येत्यात," ते म्हणाले, "पन या तुमी. एका मुक्कामाला माजी बहीन हाय, दुसऱ्याचं बगतो."

पाचातले तीन दिवस चालण्यात गेले. येण्याजाण्याचे दोन धरले की काहीच उरेना. म्हणून तुम्हाला पाठवलेल्या कागदावर कळसूबाई नाही. फोटो पाहून तुम्ही तिच्यासाठीच हरखला होतात, हे मला ठाऊक आहे. रागवा हवं तर. शिखर तुम्हाला काकाबरोबर पुढेही चढता येईल. ही वाट मला तुमच्याबरोबर चालायची आहे, आणि ती याच वर्षी.