ठकुबाईचे मोकळे हात

ठकुबाईच्या हातांत काचेची बांगडी नव्हती. नवरा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत पडला, तेव्हापासून मनगटं मोकळी. पदरात सैन्याची तुटपुंजी पेन्शन, आणि त्या पेन्शनीमुळेच सदतीस सालच्या निवडणुकीत मताचा हक्क. वेल्ह्याकडच्या त्या वाडीत बायकांमध्ये मत होतं ते तिचं एकटीचं.

हिरडा कंपनीनं मात्र तिला मोजलंच नव्हतं. रानातला हिरडा विकत घेणारी कंपनी एकच, आणि तिनं आपला उमेदवार उभा केला होता. मतदानाला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळ्या रंगाची, त्याची जांभळी. म्हणून कंपनीनं कासार पाठवून घरोघर जांभळ्या बांगड्या फुकट भरल्या. भरलेली बांगडी सवाष्ण आपल्या हातानं फोडत नाही, हे मुकादम कुंडलिकनं बरोबर हेरलं होतं. बायका पाण्याला निघाल्या तरी प्रचार होई. ठकुबाईच्या दारावरून कासार तसाच पुढं गेला. विधवेला काय भरणार?

समोरचा उमेदवार एक शाळामास्तर. हिरड्याला दुसरं गिऱ्हाईक आणतो म्हणत पायी हिंडायचा. बाजारच्या दिवशी ठकुबाईनं हिरड्याची पाटी खाली ठेवली आणि दगडावर चढून ती मास्तरांच्या बाजूनं बोलू लागली.

“ठकुकाकी, उतरा खाली,” कुंडलिक तराजूमागून ओरडला.

“का रं? तुजी कंपनी महिनाभर बोलतीया, तिला कुनी उतरवलं न्हाई.”

“कंपनी कुठं बोलली? बांगड्या भरल्या नुसत्या.”

“मग जांबळ्याच का? हिरव्या सरल्या व्हत्या व्हय कासाराच्या?”

बायका फिसकन हसल्या. कुंडलिक चिडला. “तुमाला बोलायची मोकळीक, तशी कंपनीला बी हाय!”

“असंल की. चढव तिला हितं दगडावर. तोंड तरी बगू दे तिचं!”

कुंडलिकनं पारडं पालथं घातलं. “तुमचा हिरडा न्हाई घ्यायचा. आज न्हाई, पुढं बी न्हाई.”

ठकुबाईची नजर पाटीवर गेली. थंडीभर रान तुडवून वेचलेला, वाळवलेला हिरडा. वर्षाची मीठमिरची त्याच्यावरच. तिनं राहिलेलं बोलणं पुरं केलं. सगळं.

खाली उतरली तर पाटी रिकामी. शेजारच्या फुलाबाईनं आणि बाकीच्या बायकांनी ओंजळी ओंजळींनी तिचा हिरडा आपापल्या पाट्यांत ओतून घेतला होता, आणि आता त्या तराजूपुढं उभ्या होत्या.

“ह्यात ठकुकाकीचा कुठला?” कुंडलिकनं दरडावलं.

“घ्या वळखून,” फुलाबाई म्हणाली. जांभळ्या बांगड्यांचा हात पाटीत घालून तिनं हिरडा खळखळा खालीवर केला. “न्हाई तर आमी समद्याच जातो माघारी. कंपनीला सांगा, बांगड्याच मोजून घे.”

कुंडलिकनं पारडं सुलटं केलं.

ठकुबाईनं पदर खोचला आणि ती परत दगडावर चढली.