सुलाबाईचा बांध आणि राकेशची खाली बसवलेली गाडी

खाली बसवलेली गाडी दिसली की माझं डोकं फिरतं. कंपनीने मोजूनमापून दिलेली चांगली गाडी, तिच्या स्प्रिंगा कापायच्या, तिला जमिनीला चिकटवायची, आणि मग प्रत्येक खड्ड्याला 'अरे देवा' करत बसायचं. कोणी सांगितलाय हा नसता उद्योग! पण खोटं कशाला बोलू, माझं घर त्याच गाड्यांवर चालतं. नाशिकला पेठ रोडवर माझं सस्पेन्शनचं गॅरेज आहे. पोरं गाडी खाली करून घेतात, पस्तावतात, आणि मग महेशदादाकडे येतात. अठरा वर्षांत या कामात मला शहाणपण शिकवणारं एकच गिऱ्हाईक भेटलं, आणि त्या बाईला साधी सायकलसुद्धा येत नाही.

सुलाबाई मखमलाबादच्या पुढे मळ्यात राहतात. अर्धा एकर झेंडू, कडेने थोडी शेवंती. वय साठीला आलेलं, अंग काटक आणि तोंड भलतंच फटकळ. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्या रिक्षाने गॅरेजला आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "गाड्या उचलणारा म्हेश तूच का?"

"मीच. बसा मावशी."

"बसायला नाय आले. माझ्या पोराची गाडी उचलायची हाय."

मग उभ्याउभ्याच सगळी हकिगत सांगितली. त्यांचा राकेश अंबडला कंपनीत कामाला. आईला टेम्पोत उभं राहून फूलबाजारात जावं लागतं म्हणून त्याने जुनी गाडी घेतली. इथवर पोरगा शहाणा. पण महिन्याभरात मित्रांच्या नादाने ती खाली बसवून आणली. आणि त्यांच्या रस्त्यावर, शाळेसमोर, एक दांडगा गतिरोधक आहे. गेल्या आठवड्यात मागे झेंडूची पोती, पुढे आई, अशी गाडी त्याच्यावर जी चढली ती पोटावर बसली. ना पुढे जाई, ना मागे. अख्खी शाळा खिदळत बाहेर आली. सुलाबाई उतरल्या, पोती उतरवली आणि रिक्षाने बाजारात गेल्या.

"तेवढ्यावर राग धरलात होय?" मी म्हटलं.

"त्याचा राग नाय रं! त्यानं गतिरोधक काढायचा अर्ज केलाय पंचायतीत. लोकांच्या सह्या घेत फिरतोय. माझा बांध फोडायला निघालाय!"

त्या गतिरोधकाला गावात सुलाबाईचा बांधच म्हणतात. सहा वर्षांपूर्वी शाळेतली छाया नावाची पोरगी एका मोटारसायकलखाली आली. पाय मोडला, प्लास्टर घातलं, निभावलं. दुसऱ्या दिवशी सुलाबाई फुलांची पाटी घेऊन भर रस्त्यात बसल्या. तिथेच हार ओवत होत्या. तीन दिवस हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी पंचायतीने खडी टाकून गतिरोधक घातला.

"दसऱ्याला आमच्या घरातल्या सगळ्या गाड्यांना माझ्या हातचा हार असतो," त्या म्हणाल्या. "अर्ज माघारी नाय घेतला तर यंदा त्याच्या गाडीला हार नाय, आणि मी तिच्यात पाय ठेवणार नाय. आता तूच सांग, बांध बी ऱ्हायला पायजे आणि गाडी बी पार झाली पायजे. जमंल?"

असं म्हणून त्यांनी कनवटीतून हाराचा दोरा काढला. त्याला दोन गाठी होत्या. "ही पयली गाठ, बांधाची उंची. ही दुसरी, तेवढी गाडी वर पायजे."

मला हसू आलं. "मावशी, माझ्याकडे टेप आहे."

"टेप ठेव तुझ्याकडं, दोरा बी ठेव."

दुसऱ्या दिवशी राकेश गाडी घेऊन आला. चेहरा पडलेला. मी त्याला तीन रस्ते सांगितले. स्प्रिंगखाली पॅकिंग टाकलं तर काम स्वस्तात होईल, पण गाडी कायमची उंच. "मग खाली केली कशाला?" तो म्हणाला. आट्यांचं सस्पेन्शन टाकलं तर पाना फिरवून उंची बदलता येते, पण रोज शाळेसमोर जॅक लावून बसणार का? राहिले हवेचे फुगे. डिकीत छोटा कंप्रेसर, हातापाशी बटण. बटण दाबलं की फुग्यात हवा भरते आणि गाडी वर येते, पुन्हा दाबलं की खाली बसते. त्याचे डोळे चमकले. "हेच बसवा. पण दादा, अर्ज मी मागे घेणार नाही. गाडी पार होतेय का ते आधी बघू."

मी बांध मोजला, गाडी मोजली. नवीन स्प्रिंगा टाकल्या आणि पुढच्या दोन चाकांवर फुगे बसवले. रिकाम्या गाडीचं पोट पहिल्या गाठीच्या बोटभर वर आलं. म्हटलं, झालं काम! दुसरी गाठ म्हणजे म्हातारीची हौस. दोरा मी हातोडीखाली टाकून ठेवला.

सहाव्या माळेला शाळेसमोर चाचणी ठेवली. राकेश बसला, मी शेजारी, मागे झेंडूची पोती. गाव गोळा झालेलं. बटण दाबलं, नाक वर आलं, पुढची चाकं दिमाखात पलीकडे गेली. आणि मग पोटाखाली खरखराट झाला, गाडी पुन्हा बांधावर बसली. पोरांनी टाळ्या पिटल्या. राकेश म्हणाला, "बघितलंत? बांधच काढायला पाहिजे." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सुलाबाई रस्त्याच्या कडेवरून आल्या. हसल्या नाहीत, हीच मेहेरबानी.

"दुसरी गाठ कुठं गेली?"

"मावशी, मी गाडी रिकामी मोजली."

"अरं, हार खुंटीला लावून मोजत नसत्यात. ज्याच्या गळ्यात घालायचा त्याच्या गळ्याला मोजत्यात. आम्ही बसल्यावर, पोती टाकल्यावर गाडी किती दबती, ते धरून गाठ मारली व्हती मी."

अठरा वर्षांचा अनुभव, आणि अक्कल मात्र दोऱ्याला बांधलेली! गाडी परत आणली. मागच्या चाकांनाही फुगे लावायचे ठरले. राकेश म्हणाला, "दादा, सोबत हवेची टाकीपण टाका. बटण दाबलं की झटक्यात वर यायला पाहिजे." मी हो म्हटलं.

दुपारी सुलाबाई एकट्या आल्या. "झटक्यात नको. सावकाश उचलणारी नाय का मिळत?"

"मिळते. टाकी नाही लावली तर कंप्रेसर हळूहळू हवा भरतो. आठ सेकंद तरी लागतात. पण मावशी, लोक तर फास्ट मागतात."

त्या पायरीवर बसल्या. पहिल्यांदाच बसल्या. "छायाला उडवणारी मोटारसायकल कोणाची व्हती, ठाव हाय? माझ्या राकेशची. एकोणीस वर्सांचा व्हता, वाऱ्यावर स्वार. गावाला ठाव हाय, पण कोणी तोंडावर बोलत नाय. लोक म्हनत्यात सुलाबाई दुसऱ्याच्या पोरांसाठी रस्त्यात बसली. मी माझ्या पोरासाठी बसले व्हते रं. त्याच्या हातून पुन्हा तसं होऊ नये म्हणून. आणि त्योच इसरला."

टाकी मी शेल्फवर परत ठेवली. राकेशला सांगितलं, डिकीत टाकी ठेवली तर पोती मावणार नाहीत. तेही खरंच होतं.

या वेळी रिकाम्या गाडीचं पोट दुसऱ्या गाठीला लावलं. आठव्या माळेला गाडी पोत्यांसकट, माझ्यासकट, अलगद पार झाली. राकेश पलीकडे थांबला, मागे वळून बांधाकडे बघत बसला. मग खिशातून सह्यांचा कागद काढून चार तुकडे केले. त्याच्या मनात काय आलं, मी विचारलं नाही. दसऱ्याला गाडीला असा गच्च हार होता की समोरचा नंबर दिसेना. तेवढ्यापुरती गाडी वर उचलून ठेवली होती, नाहीतर हार धुळीत लोळला असता.

मागच्या आठवड्यात फुगे तपासायला मी त्यांच्यासोबत निघालो. सुलाबाई पुढच्या सीटवर, राणीसारख्या. शाळा भरायची वेळ. बांधाशी राकेश थांबला, बटण दाबलं. लगेच छायाने हात आडवा केला. ती आता चांगली नववीत आहे, कबड्डी खेळते. सगळी पोरं रस्ता ओलांडताना मोठमोठ्याने मोजायला लागली, "एक! दोन! तीन!" आठला शेवटचं पोरगं पलीकडे आणि गाडी पूर्ण वर.

राकेश हळूच म्हणाला, "महेशदादा, कंप्रेसर जरा स्लो आहे ना?"

मी चोरून सुलाबाईंकडे बघितलं. त्या नाकासमोर बघत बसलेल्या. "टाकी लावून देऊ का?" मी कसंबसं म्हटलं.

"नको," तो छायाकडे बघत म्हणाला. "आठ सेकंद लागू देत. तिला रस्ता ओलांडायला तेवढेच लागतात."

सुलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्याच्या दंडावर एक चापट मारली. "चल आता, बाजार उठल."