स्वयंपाकघरात कोण होतं?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या आत्याचे. नांदेडकडच्या आमच्या तालुक्याच्या गावी ती लोकांच्या घरी कार्याचा स्वयंपाक करायची. लग्न, बारसं, वास्तुशांत, काहीही निघालं की तिला सांगावा यायचा. स्वतःचं लाटणं फडक्यात गुंडाळून ती निघायची, कारण दुसऱ्याच्या लाटण्यावर तिचा हात बसत नसे. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा वारला आणि ती आमच्याकडे परत आली, ती कायमची.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मला पुढच्या शिक्षणाला हैदराबादला पाठवायचं की नाही, यावर वडील आणि काका ओसरीत बोलत बसले होते. आत्या मोरीत पोळपाट धूत होती. मागे न वळता तिनं सांगितलं, "जाईल तो. मी आणखी घरं धरते." त्यावर पुढे चर्चा झाली नाही. मी गेलो, पदवी घेतली, तिथल्या कोठी भागातल्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणून सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि शहराच्या आरोग्य खात्यात कंत्राटी नोकरीला लागलो.

कोरोना शहरात आला तेव्हा आमचं ऑफिस कोठीतल्या एका जुन्या इमारतीत होतं. दोन खोल्या, भरपूर फोन आणि एक पंखा, जो फक्त मॅडमच्या टेबलाला वारा द्यायचा. मॅडम डॉक्टर होत्या, आमच्या प्रमुख. त्या तेलुगूतच बोलायच्या आणि मी तेवढी तेलुगू शिकलो होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर मलकपेठचा एक सहकारी बसायचा. त्याची दख्खनी ऐकली की कंटाळा पळून जायचा. मी शाळामास्तरासारखं एकेक शब्द नीट बोलतो म्हणून तो मला मास्टर म्हणायचा.

काम सांगायला सोपं होतं. कोणाला आजार निघाला की त्या माणसाला ताप येण्याच्या आधीच्या दिवसांपासून विचारत यायचं. कुठे गेलात, कोणाजवळ बसलात, कोणाबरोबर जेवलात. मग त्या प्रत्येकाला फोन करायचा, घरात वेगळं राहायला सांगायचं, आणि रोज विचारायचं, ताप आहे का, खोकला आहे का. आजार नवा होता. कोण पटकन बरा होईल आणि कोणाचा श्वास अचानक अडेल, हे तेव्हा कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. म्हणून एकही माणूस सुटता कामा नये, एवढंच आम्हाला कळत होतं.

त्या सुरुवातीच्या दिवसांत काचीगुड्यातल्या एका मराठी घरातला मुलगा आजारी निघाला. परदेशात नोकरी करणारा, बहिणीच्या डोहाळजेवणासाठी सुट्टी काढून आलेला. मॅडमनी ते घर माझ्याकडे दिलं. "तुझी माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "तुला खरं सांगतील."

मुलगा दवाखान्यात होता, त्याला धड बोलवत नव्हतं. म्हणून माहिती त्याच्या आईनं दिली. त्या आधी घाबरलेल्या होत्या. मी मराठीत बोललो आणि गाव सांगितलं, तशा मोकळ्या झाल्या. "अगं बाई, नांदेडकडचे का तुम्ही? आमचे सासरे तिकडचेच." मग मी त्यांना काकू म्हणू लागलो.

"काकू, कार्यक्रमाला कोण कोण आलं होतं?"

त्या एकही बाई विसरल्या नाहीत. कोण कोणत्या साडीत होती, कोणी ओटीत नारळ लहान घातला, कोणी लेकीला फुलांचा धनुष्यबाण करून दिला, सगळं सांगितलं. एवढी सरळ माहिती मला तोवर कोणी दिली नव्हती. पुण्याहून इकडे नोकरीला आलेल्या दोन शेजारणीही त्यात होत्या. मी सगळ्यांना फोन केले. कोणाला ताप नाही, खोकला नाही. गरोदर लेकही ठणठणीत होती. रोज विचारत राहिलो, रोज तेच उत्तर. आम्हाला हायसं वाटलं. त्या घराचा अहवाल त्याच दुपारी वर जायचा होता, "संपर्कातले सर्वजण सापडले" असा.

सकाळी मी काकूंना शेवटचा फोन केला. मुलगा सुधारत होता, पण काकूंचं मन दुसरीकडेच होतं.

"त्या दिवशी सगळ्या काय कौतुक करत होत्या हो पुरणपोळ्यांचं! आणि आता माझा फोनसुद्धा उचलत नाहीत. जसा काही माझ्या फोनमधूनच ताप येणार आहे."

मी हसलो. फोन ठेवणार, एवढ्यात मला आत्याचे हात आठवले. कोपरापर्यंत पीठ लागलेले. एवढ्या बायकांच्या पोळ्या म्हणजे सकाळपासून कोणीतरी तव्यासमोरून हललेलं नसणार. आणि काकूंनीच मला सांगितलं होतं, की त्या सकाळपासून इरकल नेसून बाहेरच्या खोलीत सगळ्यांचं स्वागत करत होत्या.

"काकू, पोळ्या कोणी केल्या?"

"आमच्या वन्संनी. त्यांच्यासारख्या पोळ्या कोणाला जमतात?"

वन्सं म्हणजे त्यांच्या नवऱ्याची बहीण. माझ्याकडच्या नावांमध्ये त्या नव्हत्या.

"त्यांचं नाव तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही कार्यक्रमाला कोण होतं ते विचारलंत ना," काकू सरळपणे म्हणाल्या. "त्या कार्यक्रमाला नव्हत्या हो. त्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या ओटीला नसतात."

त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी ओटीला बसलेल्या तेवढ्याच आलेल्या. माझ्या आईनंही असंच सांगितलं असतं. विचारावं की नाही, असं वाटत असतानाच मी विचारलं, "आणि तुमचा मुलगा त्या वेळी कुठे होता?"

"तो कुठे असणार? बाहेर सगळ्या बायका. आत्याजवळ पाटावर बसला होता. तव्यावरची पोळी, तिथेच गप्पा. लहानपणापासून आत्याचाच लाडका."

म्हणजे त्या दिवशी त्याच्या सर्वांत जवळ जी होती, तिला कोणीच फोन केला नव्हता. वन्सं मलकपेठमध्ये एका खोलीत एकट्या राहायच्या, माझ्या आत्यासारख्याच घरोघरी स्वयंपाक करायच्या. मुलाच्या आजाराचं काकूंनी त्यांना कळवलं नव्हतं, उगाच काळजी करतील म्हणून. मी त्यांना फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला, तरी बंद.

शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "क्या मास्टर, रोटियां कौन पकाए पूछ रैं? भूक लगरी क्या?"

मी त्याला सांगितलं. त्याचं हसू गेलं. "मलकपेठ में किधर?" एवढंच विचारलं आणि तो गाडीची किल्ली शोधू लागला.

मॅडमकडे गेलो. अहवाल त्यांच्यासमोर सहीला होता.

"तुझी माहिती पूर्ण आहे," त्या म्हणाल्या.

"पूर्ण आहे मॅडम, पण पोळ्या करणारी बाई राहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक त्यांनाही स्वतःच्या घरचं एखादं कार्य आठवलं असावं. "अय्यो," त्या हळूच म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं. "मी थांबवते. जा."

टाळेबंदीमुळे रस्ते मोकळे होते. माझा सहकारी मलकपेठच्या रेसकोर्समागच्या गल्ल्यांत डोळे मिटूनही गाडी चालवू शकला असता. घरमालकीण गॅलरीतून म्हणाली, "अम्मा कल से नीचे नहीं उतरे. बोले थकान है." आम्ही मास्क नीट केले, जिना चढलो आणि दारापासून लांब उभे राहिलो. काय म्हणून हाक मारावी याचा मी विचार केला नव्हता. तोंडातून आलं, "आत्या!"

आतून थकलेला, पण खूश आवाज आला. "आलास का रे? पोळी संपली आता."

त्यांना भाचाच आला असं वाटलं होतं. मी कोण ते सांगितलं. त्यांनी दार उघडलं आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. एक वाक्य बोलताना मध्ये थांबून श्वास घेत होत्या. दाराजवळ एक पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्यातून फडक्यात गुंडाळलेल्या लाटण्याचं टोक बाहेर आलं होतं.

"कणकण आहे नुसती. गॅससमोर उभं राहिलं की येते. दवाखाना नक्को. उद्या एक बारसं आहे."

"आता कोणालाही बारशाला जाता येत नाही, आत्या."

"मी बारशाला कुठे जाते? मी स्वयंपाकाला जाते."

काकूंचंच वाक्य, आता वन्संच्या तोंडून. मग मी त्यांना भाच्याचं सांगितलं. तो दवाखान्यात आहे, पण सुधारतोय.

त्या खाली बसल्या. "जेवतोय का तो?" त्यांनी आधी हेच विचारलं. मग म्हणाल्या, "आणि मी उद्या त्या बाळंतिणीच्या घरात जाणार होते." पिशवी त्यांनी पायानंच दूर सारली. "चल बाबा. पण त्या बारसंवाल्यांना तूच फोन कर. मला बोलणी खायची नाहीत."

अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही जिन्यात उभे होतो. माझा सहकारी त्यांना म्हणाला, "अम्मा, ठीक हो के आव. हमारे मास्टर कू पूरनपोली खिलाना है."

"तुला नको का?" त्यांनी विचारलं.

"मेरे कू तो पूरी थाली."

पुढचे काही दिवस चांगले नव्हते. त्यांना ऑक्सिजन लावावा लागला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, घरीच पडून राहिल्या असत्या तर अवघड होतं. मी रोज चौकशी करायचो आणि त्यानंतर लगेच गावी आत्याला फोन करायचो, काही कारण नसताना. तिला सगळं सांगितलं होतं. आधी माझी विचारपूस करायची सोडून ती विचारायची, "ती मलकपेठची कशी आहे?" काकू तर मला सकाळी चहाच्या आधीच फोन करायच्या. "वन्सं काय खातायत? उपमा? त्यांना उपमा आवडत नाही हो, सांगा ना कोणाला तरी."

एके दिवशी दवाखान्यातून निरोप आला की त्या उपम्याला नावं ठेवतायत, रवा भाजलेला नाही म्हणतात. मी तो निरोप मॅडमना सांगितला आणि त्या पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. भाचा आधी घरी गेला, त्यानंतर त्या. काकूंनी त्यांना मलकपेठला जाऊच दिलं नाही, काचीगुड्यालाच ठेवून घेतलं.

त्या दिवसापासून आमच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वाढला. मॅडमनी तो सगळ्यांना विचारायला लावला. "वंट एवरु चेसारु?" स्वयंपाक कोणी केला? पुढे त्या प्रश्नानं आणखी माणसं सापडली. भांडी घासणारी, पाणी आणून देणारी, मांडवामागे बसलेली. माझ्या सहकाऱ्यानं माझं मास्टर हे नाव बदलून बावर्ची केलं. ऑफिसात अजून तेच चालतं. मला ते आवडतं.

पुढे सगळं निवळलं, गर्दीची भीती गेली, माझं लग्न झालं. आणि मग आमच्या घरीही डोहाळजेवण ठरलं. आत्याला फोनवर सांगितलं असतं तर तिनं काहीतरी कारण काढून टाळलं असतं. म्हणून मी पत्र पाठवलं. ते असं होतं:

आत्या,

नमस्कार. हे पत्र शेजारच्या वहिनीकडून वाचून घेऊ नकोस, तुझं तूच वाच. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

मलकपेठच्या आत्या छान आहेत. परवा त्यांनी मला दारात थांबवून डबा दिला. त्यांचं पुरण तुझ्यापेक्षा जरा जास्त गोड असतं. हे तुला सांगणार नव्हतो, पण सांगितलं.

तुझ्या सुनेचं डोहाळजेवण पुढच्या महिन्यात आहे. स्वयंपाक बाहेरून येणार आहे. पोळ्या जाड असतील, हे मला माहीत आहे. तू स्वयंपाकघरात जायचं नाहीस. बाहेर बसायचं आणि पहिली ओटी तू भरायची. हे मी नाही, तुझ्या सुनेनं ठरवलं आहे. तिच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांना विचारा, खण कोणत्या रंगाचा आणू?" तेव्हा रंग कळव.

मलकपेठच्या आत्या तुझ्या शेजारी बसणार आहेत. आधी नाही म्हणाल्या. त्यांना सांगितलं, तुम्ही बसलात तर आमची आत्या बसेल. तुलाही तेच सांगतो. दोघी मिळून पोळ्यांना नावं ठेवा.

मी शिकलो ते तुझ्यामुळे, हे तुला समोर सांगायला गेलं की तू उठून जातेस. म्हणून इथे लिहिलं. आणि त्या दिवशी मला तो प्रश्न सुचला, तोही तुझ्यामुळेच.

सकाळच्या गाडीनं काचीगुड्याला उतर. मी स्टेशनवर असेन. लाटणं आणू नकोस.