एकादशीची होडी

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या डट्ट्याचं रोजचं पान फाडायचं काम आमच्या घरी माझ्याकडे होतं, आणि भरवशाचं म्हणावं असं तेवढं एकच. त्या दिवशी सकाळी मी दोन पानं एकदम फाडली. होती एकादशी, मी धरली द्वादशी. बायकोने न्याहारीला उकडलेली रताळी पुढे ठेवली, तरी मला शंका आली नाही. पुढे आलेलं खायचं आणि उठायचं, ही माझी रीत.

दुसऱ्या कुणाच्या घरी याने काही बिघडलं नसतं. पण आम्ही पनवेलच्या खाडीवरचे मिठागरवाले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे पोर पाढ्यांच्या आधी शिकतं. द्वादशीला नऊची भरती, असं धरून मी निवांत होडी काढली, तेव्हा एकादशीची सव्वाआठची भरती होऊन पाणी केव्हाच माघारी फिरलं होतं.

होडीत तिघं होतो. मी, माझा थोरला भाऊ आणि नुकतीच मॅट्रिक झालेली माझी मुलगी. पावसाआधी मिठागराचा बाहेरचा बांध बघून यायचं, एवढंच सांगून निघालो होतो. दादा डोळे मिटून बसला होता. भरतीची वेळ काढायचं काम धाकट्याचं. मुलगी पाण्याकडे बघत म्हणाली, पाणी उतरतंय. मी तिला गप बसवलं.

खरं तर त्या फेरीत मला एक गाठ सोडवायची होती. दादाने ठरवलं होतं, पोरीला पुण्याच्या कॉलेजात घालायचं. त्याची लेक तिथेच दिलेली, राहायची सोय, वर लक्षही राहील. मी म्हटलं, हो दादा. मुलीला समुद्रातल्या जिवांचं शास्त्र शिकायचं होतं. त्यासाठी मुंबईचं कॉलेज, जिथे प्राणिशास्त्र आहे आणि समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. पुण्यात काय मुठेतली भरती बघू, असं तिने विचारलं. मी तिलाही हो म्हटलं. प्रवेश आठवड्यावर आला आणि माझे दोन्ही होकार घरात एकाच पंक्तीला जेवत होते. दोघांपैकी कुणीही विषय काढला की मी उठायचो, म्हणायचो, उघाडी बघून येतो. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. त्या महिन्यात तिची जेवढी देखरेख झाली तेवढी आजोबांच्या काळापासून झाली नसेल.

वळणावर होडी रुतली. वल्हं मारलं तर नुसता चिखल उडाला. बघता बघता दोन्हीकडे काळा गाळ उघडा पडला, कमरेएवढा तरी असेल. उतरायची सोय नाही. आता संध्याकाळचं पाणी येईपर्यंत बसायचं.

दादाने डोळे उघडले. "आज तिथ कंची?"

"द्वादशी."

"एकादशी," मुलगी म्हणाली. "आईचा उपास हाय."

दादाने माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग छत्री उघडली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने पोरीला विचारलं, पुण्याला कधी निघायचं. तिने आधी माझ्याकडे बघितलं.

"मी मुंबईला चाललेय, मोठे बाबा. बाबा हो म्हणालेत."

सवयीने मी उठलो. होडी कलंडली.

"बस खाली," दोघंही एकदम म्हणाले.

मी बसलो. ऊन चढत होतं, आणि छत्री एकच, तीही रागावलेल्या माणसाकडे. चिखलावर निवट्या, बोटभर मासळ्याच त्या, टुणटुण उड्या मारत होत्या. मुलगी होडीच्या काठावरून वाकून त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी दुसऱ्या मुली बांगड्यांकडे बघतात. दादाने विचारलं, तिथे जाऊन शिकणार तरी काय.

"हे मासेच ना? मग पाणी गेल्यावर चिखलात जगतात कसे, ते."

"त्याला कॉलेज कशाला? तुजा बापूस बग की."

ती हसली नाही. दादा माझ्याकडे वळला. "तू बोल. कुठं धाडायची?"

उभ्या आयुष्यात मी दादाला नाही म्हटलं नव्हतं. उजवीकडे बघितलं, गाळ. डावीकडे बघितलं, गाळ. उघाडी लांब होती.

"मुंबईला," मी म्हणालो.

"मंग मला हो कशाला म्हनलास?"

"तुला नाय म्हणता येत नाय, दादा."

"आता कसं आलं?"

"उठून जायला जागा नाय."

दादाने छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि तोंड फिरवलं. दुपार तशीच गेली. ओठ सुकले, पाठ भाजून निघाली, खाली ठेवलेले पाय आखडले. एरवी मी भरतीची वाट बघतो ती मिठासाठी. त्या दिवशी चिखलातून पाण्याची पहिली रेघ सरकत आली, तेव्हा देव आल्यासारखं वाटलं.

होडी तरंगली तशी दादाने माझ्या हातातलं वल्हं काढून घेतलं. बंदरावर उतरताना पोरीकडे न बघता म्हणाला, "पुण्याला मी कळवतो. मुंबईला पोचवायला मीच येन. याच्या भरवशावर निघू नको."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. माझ्या वाट्याचं थोडं वाढवूनच सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पुढच्या एकादशीला मला न्या होडीतून," ती म्हणाली. "माजंबी तुमाला काय काय इचारायचं राहिलंय."