मस्कतची मांजरी

त्या हिवाळ्यात दर शनिवारी मी बर्मिंगहॅमहून ट्रेनने ड्यूटीला जायचे. समोर साठीच्या एक मराठी काकू असायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. मस्कतच्या रस्त्यावरची, मोठ्या कानांची, आखूड केसांची वाळवंटी मांजरी त्यांनी पाळली होती. मुलाकडे कायमचं राहायला येताना तिलाही आणलं, आणि रेबीजच्या नियमामुळे ती काही महिने सरकारी क्वारंटाइनमध्ये अडकली. काकू तिला भेटायला निघालेल्या असायच्या.

"मुलगा म्हणतो, आई, ती या थंडीत टिकायची नाही. आणि हल्ली मी गेले की ती पाठ फिरवून बसते."

"विसरली असेल, काकू," मी म्हणाले.

"छे! रुसलीये. परक्यावर कोण रुसतं?"

मार्चमधल्या एका शनिवारी त्या मला परतीच्या ट्रेनमध्ये दिसल्या. बाहेर बर्फ भुरभुरत होता. मांडीवरच्या बास्केटच्या जाळीतून एक पंजा बाहेर आला आणि त्यांच्या बांगड्यांवर विसावला. आत घुरघुर सुरू झाली. काकू ताडकन उठल्या, बास्केट उंच धरली आणि अख्ख्या डब्याला म्हणाल्या, "शी इज कमिंग होम!"

पेपर वाचणाऱ्या एका गोऱ्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. घर सोडून आल्यापासून मी इतक्या मोठ्याने हसले नव्हते.