पांढरीच राहिलेली पट्टी

धुवायला टाकण्याआधी एप्रनचे खिसे चाचपायची तिची जुनी सवय. त्या दिवशी सकाळी सात वाजता उजव्या खिशात हात घातला आणि बोटांना कागद लागला. बाहेर काढला तर चार बोटं लांबीची पट्टी, पांढरीशुभ्र. ती खिशात असायलाच नको होती.

हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचं तिचं काम. अकरा वर्षं तेच करत होती. हत्यारं घासायची, पुसायची, पत्र्याच्या पेटीत मांडायची, मधोमध अशी एक पट्टी ठेवायची आणि पेटी वाफेच्या मशीनमध्ये ढकलायची. वाफ थेट आतपर्यंत पोचली तर पट्टी काळी पडते, नाहीतर पांढरीच राहते. प्रत्येक गोष्ट दहादा तपासते म्हणून सगळे तिला शंकाताई म्हणत. देवाबद्दलही शंका असलेली ती तिथली एकटीच. खरं तर शंका कसली, तो नाही अशी तिची खात्रीच होती, पण एकदा पडलेलं नाव कोण बदलतंय?

आणि तीच शंकाताई काल पट्टी ठेवायला विसरली होती. पट्टी ठेवल्याची लेबलवरची सही आधी करून टाकायची आणि काम मागून, ही तळघराची खोड. काल सुटायच्या घाईत सही झाली, पट्टी खिशात राहिली, पेटी आत गेली. आज नऊ वाजता ती पेटी उघडून कोणाचा तरी गुडघा बदलायचा होता. उघडणाऱ्या नर्सनं पट्टी बघायची असते, पण लेबलवर सही दिसली की बघतंय कोण?

तिनं तळघरात फोन लावला. तिच्याबरोबर काम करणाऱ्या, आज लवकर आलेल्या आक्कांनी उचलला. पेटी वर गेलीसुद्धा होती. बाहेरून चिकटवलेली टेप छान काळी झाली होती, असं आक्का म्हणाल्या. शंकाताई म्हणाली की टेप पेटीच्या बाहेरचं सांगते, आतलं नाही.

"अगं, देवाचं नाव घेऊन मीच बटण दाबलं होतं काल. तो बघून घेईल," आक्का म्हणाल्या. "तुला एक मेमो आधीच आहे. दुसरा मिळाला की घरी बसशील. कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

तिनं फोन ठेवला. आक्कांचं काही चूक नव्हतं. मशीन चांगलं होतं, दहातल्या नऊ वेळा आतलं सगळं शुद्धच निघतं. आणि दहाव्या वेळी गुडघ्यात पू झालाच, तर तो हिच्यामुळे झाला असं कोण म्हणणार होतं? घरात तिच्या एकटीच्या पगारावर चार ताटं वाढली जात होती.

आतल्या खोलीत सासूबाईंची प्रार्थना चालली होती. देवाचं भय नसलं की माणसाला धरबंद राहत नाही, असं त्या नेहमी म्हणायच्या आणि विचारायच्या, तू भितेस तरी कोणाला? ती हसून म्हणायची, तुम्हाला. आज मात्र ती खरोखरच भ्यायली होती. आक्का किंवा सासूबाई असत्या तर देवापुढं चार अश्रू गाळून मोकळ्या झाल्या असत्या. हिला माफ करायला वर कोणीच बसलेलं नव्हतं. होता तो एक गुडघा, आणि तो कोणाचा हेही तिला ठाऊक नव्हतं.

इन्चार्ज सिस्टरचा फोन लागेना, तेव्हा पट्टी मुठीत धरून ती तशीच निघाली. बस चौकात अडकली तेव्हा उतरून धावत सुटली. आठ चाळीसला ती इन्चार्ज सिस्टरच्या टेबलासमोर धापा टाकत उभी होती, पट्टी टेबलावर होती. सिस्टरनं आधी वर फोन करून पेटी थांबवली, ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं आणि मग शांतपणे कागद ओढला. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, असं त्यावर लिहून तिच्या हातात दिलं.

गेटकडे जायच्या ऐवजी तिचे पाय वॉर्डकडे वळले. गुडघा एका आजोबांचा निघाला. रात्रीपासून उपाशी, हातात माळ, ओठ पुटपुटत होते. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ते रागावतील म्हणून ती खाली बघत राहिली. आजोबा काही रागावले नाहीत. त्यांनी इतकंच विचारलं, "उद्याची पेटी कोण भरणार?"

"आक्का भरतील. मला थांबवलंय." त्यांना धीर वाटावा म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "देवाला फार मानतात त्या. नाव घेतल्याशिवाय बटण दाबत नाहीत."

आजोबांच्या बोटांतली माळ थांबली.

"ते असू द्या हो," ते म्हणाले. "पट्टी ठेवतात का?"

तिला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलेलं ते हो काही केल्या बाहेर पडेना. आजोबा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बघून येते," ती म्हणाली, आणि पुन्हा तळघराचा जिना उतरू लागली.